आमच्या पाखाडीवर दिवे लावणाऱ्या वायरमनदादांना

वायरमनदादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव टाकाल तर तालुकाभरचे फोन येतील, मग माझ्या पोफळींना पाणी कोण घालणार?" असं तुम्हीच बजावलं होतंत. आपल्या गुहागर तालुक्यात वाचणाऱ्यांना कळायचं ते कळेलच, त्याला माझा इलाज नाही.

आषाढ लागल्यापासून इकडे धो धो चालू आहे. मी रजा टाकून आलोय. काल रात्री आई पाखाडी, म्हणजे आमची चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, उतरून खालच्या घरी विरजण आणायला गेली आणि एकटी परत आली. हातात बॅटरी नव्हती. ते बघितलं आणि म्हटलं, आता हे पत्र लांबवायचं नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिचा ठाण्याला फोन आला होता. अंगणातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, संधिवात असावा म्हणाली. चपला घालून लावला तर येत नाहीत, अनवाणी लावला तर येतात, हा प्रयोगही तिने करून पाहिला होता. माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या काकांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते अजून कानात आहे : "आधी मेन पाडायला सांगा. मग बोलू." आणि भर पावसात, रेनकोटावर इरलं घेऊन, तासाच्या आत दारात हजर.

बागेतले ते दिवे मीच हौसेने लावून घेतले होते. शहरातून माणसं आणली, दोन दिवसांत काम उरकलं, फोटो छान आले. २३० व्होल्टची वायर तशीच मातीत, आणि जोड काळी टेप गुंडाळून पुरलेले. तुम्ही कोयतीने त्यातला एक जोड उकरून काढलात, टेप कापलीत, तर आतून चमचाभर पाणी गळलं. तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. ते मला व्हिडिओ कॉलवर दाखवताना तुम्ही कोणाला शिवी दिली नाहीत, नुसतं "हं" म्हणालात. घराचं अर्थिंग केव्हाच गंजून तुटलेलं. त्यामुळे दिव्यांत गळलेला करंट जमिनीत जाण्याऐवजी अर्थच्या वायरीतून उलटा पंपावर आला, पंपावरून पाइपात आणि पाइपातून आईच्या हातात. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, नव्हताच. नुसता एमसीबी, म्हणजे जादा लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा. एवढ्याशा गळतीने तो पडत नाही, हे मला इंजिनिअर असून तुमच्याकडून कळलं. (मी सॉफ्टवेअरवाला. पण तरीही.)

मग मी घाई केली, ती कबूल करतो. गणपतीच्या आत सगळं नवीन करून द्या, पैसे वाढवून देतो, म्हणालो. तुम्ही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलात, न्हाणीचं पाणी जातं तिथे केळीजवळ खड्डा मारून कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग केलंत आणि दिव्यांना मात्र साफ नकार दिलात. "पावसात चर मारला तर रात्रीत बुजतो. दसऱ्यानंतर बघू. गणपतीला कंदील लावा." तेव्हा तुमचा राग आला होता. घरात बायकोजवळ काय काय बोललो ते लिहीत नाही.

दसऱ्यानंतर तुम्ही आलात ते रात्री साडेआठला, आणि हातात पक्कडसुद्धा नाही. नुसती बॅटरी. आईला पाखाडीवरून चालायला लावलंत. दर दोन पायऱ्यांनी बॅटरी कधी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बुडाशी, कधी चिऱ्याआड धरायची आणि विचारायचं, "काकी, डोळ्यावर येतो काय? पायरीची कड दिसते काय?" मी मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारातून दोन पांढरेशुभ्र फ्लडलाइट आणले होते. त्यातला एक तुम्ही वाद न घालता नुसता लावून दाखवलात. आई डोळ्यांवर हात घेऊन जागच्या जागी थांबली, आणि पाच मिनिटांत काचेवर पाखरांचा थर. "हे परत न्या. माणसाला पाय ठेवायची जागा दिसायला हवी, दिवा नको दिसायला." फुरसं जांभ्याच्या रंगाचंच असतं आणि बहुतेक रात्रीच बाहेर पडतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण त्याच्यासाठी उजेड खाली, पायरीलगत हवा, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

२४ व्होल्ट का, हे तुम्ही पडवीच्या लादीवर कोळशाने लिहून दाखवलं होतंत. १२ व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी करंट दुप्पट, म्हणून त्याच तारेत व्होल्टेजही दुप्पट पडतं. १२तले दोन गेले तर शेवटचा दिवा मलूल, २४तला एक गेला तर कळतही नाही. आई ती लादी आठवडाभर पुसत नव्हती. १४ दिवे, प्रत्येकी ३ वॅटचे, २७०० केल्विनचे पिवळट. म्हणजे जुन्या साठ वॅटच्या एका बल्बपेक्षाही कमी वीज. गडग्यातला अर्धा अर्धा चिरा काढून तुम्ही कोनाडे केलेत आणि दिवे त्यांत आत ढकललेत. केबल पाइपातून, जोड मातीत एकही नाही, सगळे वर डब्यांत, आणि डब्यात शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली झोळ, पाणी तिथूनच टपकून जावं म्हणून. परवा पावसात मी त्या झोळांकडेच बघत उभा होतो. थेंब येतो, झोळाच्या तळाशी जमतो, पडतो. डब्यात एक जात नाही.

आणि विहिरीकडची बाजू. तिथेही चार दिवे लावा म्हणून मी हट्ट धरला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "मिरगाच्या आधी एकदा येऊन बघा, मग सांगा." यंदा आलो. जांभळावर काजवे होते. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिने काजवा पुस्तकातच पाहिलेला. ती तासभर विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती, एक अक्षर न बोलता. तिचा हा पराक्रम तुम्हाला तिला ओळखल्याशिवाय कळायचा नाही. चार दिव्यांचे पैसे वाचले ते वेगळंच.

आई दर संकष्टीला आरसीसीबीचं टी लिहिलेलं बटण दाबते. चंद्रोदयाच्या आधी, म्हणजे विसरायला होत नाही. खटका पडला की "पडला गो!" असं स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्यानं सांगते आणि कालनिर्णयवर खूण करते.

चिपळूणहून सामान आणायला तुम्ही दोन खेपा एसटीने केल्यात, त्याचं भाडं बिलात लावलेलं नाही. ते आईकडे पाकिटात ठेवलंय. घेतल्याशिवाय ती चहा देणार नाही म्हणते.

एक तक्रारही आहे. बेड्याजवळचा, म्हणजे फाटकाजवळचा, शेवटचा दिवा परवापासून मंद वाटत होता. व्होल्टेज पडलं, दादांचं गणित चुकलं, असं मी आईला जरा आनंदानेच म्हणालो आणि छत्री घेऊन बघायला गेलो. कोनाड्यात, काचेला पोट लावून, एक लठ्ठ बेडूक बसला होता. आज रात्रीही तिथेच आहे.

आपला,
वरच्या घरातला ठाणेकर