ज्युनियर हॉकीची गॅलरी मुलांसाठी खुली करा: मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या खडकीत राहतो आणि गेली १९ वर्षे रोज सकाळी, शाळा भरण्यापूर्वी, मुलामुलींना हॉकी शिकवतो. ज्युनियर हॉकी स्पर्धांना लावले जाणारे तिकीट आणि त्याच स्पर्धांमध्ये ओस पडणाऱ्या गॅलऱ्या यांकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, यावरचा उपाय एकट्या आयोजकाच्या हाती नाही. जे मैदान देतात आणि जे अनुदान देतात, त्यांच्या हाती तो अधिक आहे.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका मैदानावर ज्युनियर गटाची निमंत्रितांची स्पर्धा झाली. उपांत्य सामना दाखवावा म्हणून मी १४ मुलांना घेऊन गेलो. प्रवेश माणशी २०० रुपये होता आणि शाळकरी मुलांना कसलीही सवलत नव्हती. मुलांकडे बसभाड्यापुरते आणि वडापावपुरते पैसे होते. माझ्या खिशातल्या पैशांत चार तिकिटे आली. कोणी आत जायचे हे मुलांनीच ठरवले: गोलकीपर आणि दोन्ही बॅक (बचावपटू), कारण आधीच्या आठवड्यातल्या सामन्यात पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून गोल करण्याच्या संधीवर, आम्ही तीन गोल खाल्ले होते. चौथे तिकीट त्यांनी मला घ्यायला लावले. उरलेल्या अकरा जणांना आमच्यापैकी एकाच्या वडिलांपाशी सोपवून आम्ही आत गेलो. त्या अकरा जणांनी काही वेळ जाळीच्या कुंपणातून सामना पाहिला, मग सुरक्षारक्षकाने त्यांना तिथून हटवले. आत गॅलरीच्या ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. खेळाडूंचे नातेवाईक, पंच आणि पदाधिकारी सोडले, तर प्रेक्षक म्हणावेत असे लोक हातांच्या बोटांवर मोजता आले असते. चेंडू गोलच्या फळीवर आदळल्याचा आवाज पार वरच्या पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता, कारण त्याला झाकणारा दुसरा आवाजच नव्हता.

या अकरा मुलांचे नेमके काय हुकले, हे सांगायला हवे, कारण हॉकी न खेळलेल्या माणसाला ते सहज लक्षात येत नाही. मैदानात उभे राहून खेळ आडवा दिसतो. आपल्या समोरचा खेळाडू आणि चेंडू, एवढेच. गॅलरीतून तो वरून दिसतो. पेनल्टी कॉर्नर घेताना चेंडू आत ढकलला जाताच पहिला रशर, म्हणजे गोलमधून चेंडूकडे झेपावणारा बचावपटू, कोणत्या रेषेत धावतो, गोलकीपर किती पुढे येतो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी रिकामी जागा कशी तयार होते, हे मी फळ्यावर खडूने शंभर वेळा काढून दाखवतो. पण मुलांना ते कळते एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर. त्यातही स्वतःपेक्षा दोनतीन वर्षांनी मोठ्या मुलांचा खेळ पाहून जे कळते, ते नामांकित खेळाडूंचा सामना टीव्हीवर पाहून कळत नाही. आपणही इथवर पोहोचू शकतो, असे मुलाला वाटते ते ज्युनियर सामन्यातच.

खडकीला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले याच खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या कर्मचारी वसाहतीत, तुटक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन घडले. त्या वसाहतींमधली आणि आसपासच्या वस्त्यांमधली मुले आजही हॉकी खेळतात. त्यांच्यासाठी २०० रुपये ही लहान रक्कम नाही, आणि दोन भावंडे व आई मिळून जायचे म्हटले, तर तो विचार घरातच थांबतो.

तिकीट लावले नाही तर खर्च कसा भागवायचा, असा आयोजकांचा प्रश्न असतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. परंतु हिशेब करून पाहावा. २०० रुपयांची १०० तिकिटे खपली, तर २० हजार रुपये जमतात. तेवढ्यात गोलकीपरचे एक चांगले किटसुद्धा येत नाही. ज्युनियर स्पर्धा चालते ती अनुदानावर, प्रायोजकांवर आणि सार्वजनिक पैशातून उभारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर. मैदानाच्या फलकावर आपले नाव लावणाऱ्या प्रायोजकाला गॅलरीत माणसे हवी असतात, म्हणून रिकाम्या गॅलरीने होणारे नुकसान तिकिटांच्या उत्पन्नापेक्षा मोठे असते.

जिथे ज्युनियर खेळाचे अतोनात वेड आहे, तिथेही हे घडले आहे. कॅनडात बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट. तिथे २०१७ ची ज्युनियर जागतिक स्पर्धा टोरांटो आणि माँट्रियल या दोन मोठ्या शहरांत झाली आणि माँट्रियलच्या वीस हजारांहून अधिक आसनांच्या सभागृहात यजमान संघाच्या बाद फेरीच्या सामन्यालाही असंख्य खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिकिटांच्या चढ्या दरांवर तेव्हा उघड टीका झाली. पुढे २०२३ ची स्पर्धा हॅलिफॅक्स आणि माँक्टन या लहान शहरांत झाली, तेव्हा गॅलऱ्या भरल्या. आपल्या देशातील उदाहरण अधिक जवळचे आहे. २०२५ च्या अखेरीस चेन्नई आणि मदुराई येथे २४ संघांचा मुलांचा ज्युनियर विश्वचषक झाला, त्याला प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला होता. भारताने तिथे कांस्यपदक मिळवले. जागतिक स्पर्धेला जे जमते, ते पुण्यातल्या ज्युनियर स्पर्धेला जमू नये, याचे कारण मला सापडत नाही.

तरीही केवळ तिकीट काढून टाकल्याने गॅलरी भरेल, असे माझे म्हणणे नाही. विनामूल्य सामन्यांनाही मी चारदोन माणसे पाहिली आहेत, कारण सामना आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते, किंवा तो शाळेच्या वेळेत सकाळी अकराला होता. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिर कसे भरते, ते आपण जाणता. रंगमंचावर नवखी महाविद्यालयीन मुले असतात, पण त्यांच्या महाविद्यालयातले सोबती आलेले असतात आणि ‘अरे आवाज कुणाचा’ने नाट्यगृह दणाणते. ज्युनियर हॉकीचा प्रेक्षक असाच आहे: त्या मुलांच्या वर्गातली मुले, त्यांच्या गल्लीतली माणसे, दुसऱ्या शाळेचे संघ. त्यांना बोलावले, तर ते येतात.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ज्या ज्युनियर स्पर्धेला शासनाचे अनुदान किंवा शासकीय अथवा महापालिकेचे मैदान मिळते, तिच्या परवानगीपत्रातच अशी अट असावी की १८ वर्षांखालील प्रत्येकाला प्रवेश विनामूल्य राहील आणि मोठ्यांसाठी किमान एका गॅलरीचे तिकीट २० रुपयांहून अधिक नसेल. मुख्य मंडपातल्या खुर्च्यांचा दर आयोजकांनी हवा तेवढा ठेवावा. कार्यक्रमपत्रिका किमान १५ दिवस आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत शाळांकडे आणि क्लबांकडे मराठीतून पोहोचावी. महत्त्वाचे सामने शाळा सुटल्यानंतर, प्रकाशझोतात, किंवा रविवारी व्हावेत. शाळांसाठी राखीव ठेवलेल्या जागा अनेकदा मुख्याध्यापकांच्या टेबलावरच पडून राहतात, तेव्हा सामन्याआधी अर्धा तास त्या जागा दारात उभ्या असलेल्यांना खुल्या कराव्यात. प्रत्येक सामन्याला किती प्रेक्षक आले, याची नोंद अनुदानाच्या अहवालात मागावी. ती मागितली जाणार हे माहीत असले, की आयोजक प्रेक्षकांचा विचार आधीपासून करतील.

मोठ्या स्पर्धा पुण्याकडे येत आहेत. पिंपरीच्या नेहरूनगरमधील मेजर ध्यानचंद स्टेडियमवर २०२१ मध्ये पुरुषांची आणि २०२४ मध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. खडकी आणि पिंपरी मेट्रोने जोडलेली आहेत. मैदान आहे, वाट आहे आणि खेळणारी मुले आहेत.

येत्या हंगामापूर्वी ही अट लागू झाली, तर पहिल्या सामन्याला खडकीतून मुले आणण्याची जबाबदारी मी आजच घेतो. त्या दिवशी कुंपणाबाहेर राहिलेल्या अकरा जणांपैकी नऊ जण अजून रोज सकाळी सहाला मैदानावर येतात. दोघांनी येणे सोडले आहे. त्यांच्याही घरी मी जाईन.

आपला नम्र,
एक हॉकी प्रशिक्षक
खडकी, पुणे