रिक्विएम नव्या रीतीने करायचे तर आधी खुर्च्या हलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाश्चात्त्य रिक्विएम, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ गायची समूहरचना, वेगळ्या ढंगाने सादर करायचे म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच सुचतात : मागे पडद्यावर चित्रफीत आणि मध्ये तबला. आमच्या मते दोन्ही नकोत. गाणारे कुठे उभे राहतात एवढे बदलले तरी पुष्कळ होते. बर्लिनच्या रुंडफुंककोअर या गायकवृंदाने २०१२ मध्ये जर्मन संगीतकार ब्राम्सचे ‘जर्मन रिक्विएम’ तसेच केले. गायक श्रोत्यांमध्ये मिसळलेले आणि वाद्यवृंदाच्या जागी फक्त पियानो. दिंडीत गाणारा आणि ऐकणारा वेगळा काढता येत नाही, तसाच हा प्रकार. मराठवाड्याला तो परका वाटायचे कारण नाही.

मोझार्टच्या रिक्विएमचा मोह आवरावा. त्याला बॅसेट हॉर्न, ट्रॉम्बोन ही फुंकवाद्ये आणि चार एकल गायक लागतात; ते इथे आणायचे कुठून? ब्राम्सने मात्र एका पियानोवर चार हातांची (दोन वादकांची) मांडणी स्वतःच करून ठेवली आहे आणि १८७१ मध्ये लंडनच्या एका घरात ती गायलीही गेली, तीही इंग्रजीत. म्हणजे ही काही गरिबाची तडजोड नव्हे. सात भागांपैकी पहिला, दुसरा, चौथा आणि सातवा घ्यावा. या चारांत एकल गायक नाही आणि वेळ साधारण चाळीस मिनिटे. तिसऱ्या व सहाव्या भागातले फ्यूग (एकच चाल प्रत्येक आवाज पाठोपाठ उचलतो तो अवघड प्रकार) हौशी वृंदाने पहिल्या खेपेला सोडलेले बरे. पट्ट्या सांगायच्या तर पहिला आणि सातवा पांढरी चार, दुसरा काळी पाच, चौथा काळी दोन.

ही मांडणी घरी वाजवून ऐकण्यासाठी केलेली असल्याने गायकांच्या ओळीही पियानोत आल्या आहेत. तालमीत त्याचा आधार होतो, पण कार्यक्रमात त्या तशाच वाजल्या तर गाणे झाकले जाते. वादकांनी त्या ओळी हलक्या कराव्यात, जमल्यास गाळाव्यात. टिंपनीचे (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांचे) ठोकेही डाव्या हातात आहेतच, तेव्हा जोडीला पखवाज नको. १८६७ मध्ये व्हिएन्नात पहिले तीन भाग झाले, तेव्हा तिसऱ्याच्या शेवटी टिंपनीवाल्याने एकच सूर इतका बडवला की बाकी सगळे बुडाले. दुसरा भाग ही तीन मात्रांत चालणारी शवयात्रा आहे. आपल्या गायकांचा पाय इथे दादऱ्याकडे वळतो आणि शोक झुलायला लागतो. समेवरचा जोर काढून तिन्ही मात्रा सारख्या वजनाने म्हणवून घ्याव्यात.

चाळीस गायक धरले तर सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) बारा, आल्टो (बायकांचा खालचा) दहा, टेनर (पुरुषांचा उंच) आठ, बास (पुरुषांचा खालचा) दहा. टेनर मिळत नाहीत ही रड सगळीकडची आहे. पण म्हणून बासमधले चार जण वर ढकलू नयेत, ते दुसऱ्याच तालमीला घसा धरून बसतात. गायक विखुरताना एकेकटा उभा करू नये. यांपैकी एकाच आवाजाचे दोघे जवळ हवेत, नाहीतर कच्चा गायक शेजारच्याचा सूर उचलतो.

खरी अडचण आवाजाच्या वेगाची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे वीस मीटर लांबच्या गायकाचा सूर जवळपास साठ मिलिसेकंद उशिरा येतो. जो कानाने ताल धरतो तो मागे पडतो आणि त्याला ऐकणारा आणखी मागे. म्हणून संचालक आणि पियानो मधोमध, आणि सगळ्यांची नजर हातावर. अर्थात गाणे पाठ हवे. वहीत डोके घालून हे होत नाही. जर्मन शब्दाच्या शेवटचा ‘त’ चाळीस जणांनी म्हटला की चुरमुरे फुटल्यासारखे होते. तो प्रत्येक आवाजातल्या दोघांनीच म्हणावा, बाकीच्यांनी गिळावा.

माईक लावू नये. आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधूनच यायचा असेल तर गायकांना पसरवून काय मिळवले?

नाट्यगृहातल्या पक्क्या खुर्च्यांमध्ये हे जमत नाही. मोकळ्या खुर्च्यांचे मंगल कार्यालय उत्तम, फक्त छत पत्र्याचे नको. उघड्या भिंती आणि फरशीमुळे तिथे घुमारा जास्त असतो. संथ भागांना तो मानवतो, दुसऱ्या भागाच्या जलद शेवटाला नाही, तिथे लय थोडी उतरवावी. श्रोते दीडशेच्या वर नकोत. गायकांना फिरायला चार फुटांच्या वाटा सोडाव्यात आणि ज्येष्ठांना भिंतीकडेने खुर्च्या द्याव्यात. पियानो इलेक्ट्रॉनिक असेल तर इन्व्हर्टरवर विसंबू नये. वीज गेल्यावर क्षणभराच्या खंडातही तो बंद पडू शकतो, यूपीएस घ्यावा.

ब्राम्सने शब्द बायबलमधून निवडले ते मागे राहिलेल्यांसाठी. श्रोत्यांना ते कळलेच पाहिजेत. प्रत्येक भागाआधी मराठी बायबलमधल्या त्याच ओळी एकाने साध्या आवाजात वाचाव्यात. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. निवेदकाचे भाषण नको.

पंखे चाळीस मिनिटे बंद ठेवावे लागतात, त्यामुळे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच सोयीचे. नेमकी तीच लग्नसराई. कार्यालय ठरवताना शेजारच्या लॉनवर त्या संध्याकाळी वरात नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.

आपले,
समूहगान शिकवणारे काही जण,
जालना व छत्रपती संभाजीनगर