तुझ्या जनुकीय अहवालाविषयी

चि. मिहीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला जनुकीय चाचणीचा अहवाल मी लक्षपूर्वक वाचला. हृदयविकाराचा धोका ‘सरासरीपेक्षा कमी’ आहे, तेव्हा यंदा रक्ततपासणीची गरज नाही, असे तू म्हणतोस. मला ते मान्य नाही.

असा निष्कर्ष असंख्य जनुकीय भेदांचे (माणसामाणसांच्या डीएनएतील लहान फरकांचे) बारीकसारीक परिणाम एकत्र करून काढतात. कोणत्या भेदाला किती महत्त्व द्यायचे हे ज्या अभ्यासांवरून ठरते, त्यांतील सहभागींपैकी २०१८ पर्यंत सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. एखादा भेद एका समाजात सर्रास आढळतो, तर दुसऱ्यात जवळजवळ नसतोच. शिवाय मोजलेला भेद पुष्कळदा स्वतः कारण नसतो, तर खऱ्या कारणाजवळ रोवलेला खुणेचा दगड असतो, आणि दोहोंमधले ते नाते सगळ्या समाजांत सारखे राहत नाही. त्यामुळे युरोपीय लोकांवरून बसवलेले गणित आपल्यासाठी कमी अचूक ठरते.

विविध वंशांचे लोक अभ्यासात असले की काय साधते, याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण अमेरिकेतल्या डॅलस शहरातले आहे. तिथल्या हृदय-अभ्यासात निम्म्याच्या आसपास सहभागी कृष्णवर्णीय होते. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले, की या कृष्णवर्णीयांपैकी साधारण दोन टक्के लोकांत पीसीएसके९ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असते. हे जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा देते, ते रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, टिपणारे यकृताच्या पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) नष्ट करते. प्रथिन कमी बनले, की ग्राहक टिकतात आणि रक्तातले एलडीएल घटते. दुसऱ्या एका दीर्घ पाहणीत अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचे एलडीएल २८ टक्के कमी, तर हृदयधमनीविकाराचा धोका तब्बल ८८ टक्के कमी आढळला. गोऱ्या लोकांत हे भेद अतिशय विरळ आहेत. त्याच प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने २०१५ मध्ये बाजारात आली, आणि आज ती सर्व वंशांच्या रुग्णांना मिळतात.

आपल्याकडचे उदाहरण २००९ चे आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांची गळती भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे दाखवून तिचा संबंध हृदयस्नायूच्या विकारांशी जोडला. केवळ युरोपीय लोक तपासून ती हाती लागली नसती.

तुझ्या बाबांची बायपास एक्कावन्नाव्या वर्षी झाली, आणि काका तर पंचेचाळिशीतच गेले. माझ्या मते हा इतिहास त्या अहवालापेक्षा अधिक बोलका आहे. तेव्हा या महिन्यातच एलडीएल, लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएलसारखाच एक कण), तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब तपासून घे, आणि घरातला हा इतिहास डॉक्टरांना वयांसह सांग. तुझ्या विद्यापीठात दक्षिण आशियाई लोकांच्या जनुकीय अभ्यासासाठी कधी रक्ताचे नमुने मागितले, तर संमतिपत्र नीट वाचून अवश्य दे. रिपोर्ट आले की मला पाठव.

तुझी,
आई