दाबलं की तुटणारा आवाज ओळखणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव असं चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं काका म्हणते. हॅम रेडिओच्या रिपीटरवर (आमचे सिग्नल पकडून लांबवर पुन्हा पाठवणारं केंद्र) रोज कान लावणाऱ्यांना कळेलच मी कुणाबद्दल लिहितेय ते.

गाडीत हॅम रेडिओचा सेट बसवून आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी बोलायला गेले की जो तो 'आवाज तुटतोय' एवढंच सांगायचा आणि पुढच्याशी बोलायला लागायचा. मला वाटत होतं, मी उभी आहे ती जागाच वाईट असेल. त्या दिवशी तुम्ही मध्ये आलात आणि विचारलंत, 'पहिला शब्द नीट जाऊन मग तुटतं का? पॉवर कमी करून बघा बरं.' मी ५० वॉटवरून ५ वॉटवर आले, कॉलसाइन (परवान्यावरचं माझं रेडिओ-नाव) सांगितला, आणि तुम्ही म्हणालात, 'सिग्नल पडला, पण तुटणं थांबलं. म्हणजे अँटेना राहू दे बाजूला. लायटर सॉकेटवरून वीज घेतलीय ना?'

घेतली होती. गाडी न बघता, मला न भेटता, नुसत्या आवाजावरून तुम्ही ते ओळखलंत. या पत्राची सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

रविवारी गाडी घेऊन आले तेव्हा तुम्ही अवजारांना हातच लावला नाहीत. मल्टिमीटर माझ्या हातात दिलात आणि प्रोब सेटच्या अगदी मागे, पॉवर प्लगपाशी लावायला सांगितलंत. इंजिन चालू, सेट नुसता ऐकतोय: १३.९ व्होल्ट. 'आता पीटीटी दाब,' म्हणजे माइकवरचं बोलायचं बटण. आकडा सरसर उतरत ११.३ वर आला आणि डिस्प्लेचा उजेड मंदावला. हे सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात, त्यात सहसा १५ टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली सेटचा काही भरवसा नाही, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. ५० वॉटला सेट साधारण १० अँपिअर ओढत होता. २.६ व्होल्ट वाटेतच गळत होते, म्हणजे २६ वॉटची नुसती उष्णता. 'लायटरचा प्लग काढून हात लावून बघ,' म्हणालात. मी बोट ठेवलं आणि झटक्यात मागे घेतलं. आठवडाभर मी तो तापलेला प्लग डॅशबोर्डखाली घेऊन फिरत होते, या विचारानं आजही पोटात खड्डा पडतो.

मग तुम्ही बॉनेट उघडायला लावलंत. आता वायर थेट बॅटरीवरून आणायची होती. 'वायरीला फ्यूज आहे की,' मी म्हणाले होते. होता, पण सेटपासून वीतभर अंतरावर. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंतची सगळी वाट तुम्ही बोटानं दाखवलीत आणि म्हणालात, 'यात कुठेही वायर पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतेल त्यात. तुझा फ्यूज वाटेच्या टोकाला बसलाय. त्याच्यापर्यंत करंट पोचणारच नाही, मग तो उडणार कसा?' त्याआधी मी फ्यूज म्हणजे सेट वाचवणारी वस्तू समजत होते. वायर वाचवायची असते, गाडी वाचवायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. फ्यूज बॅटरीपाशी आला.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, जाऊन-येऊन ८ मीटर वायर लागली. तुम्ही ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यायला लावलीत आणि कागदावर हिशेब करून दाखवलात, की १० अँपिअरला यात पाव व्होल्टच जाईल. निगेटिव्ह मी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावायला निघाले होते, तेव्हा तिथली छोटी डबी तुम्ही दाखवलीत. बॅटरीत किती करंट आला आणि किती गेला ते मोजणारा तो सेन्सर. त्याला वळसा घालून करंट गेला की गाडीचा हिशेब चुकतो. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह पट्टी बॉडीला जिथे बोल्टनं बसते, तिथला रंग खरवडून माझं लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, तिथे बसलं. इंजिनाकडून आत येण्यासाठी नवं भोक न पाडता जुन्या रबरी ग्रोमेटमधूनच वायर आली, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आत न येता झोळावरून खाली ठिबकतं. इतका बारीक विचार केलेला मी आधी कुठे पाहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र तुम्ही जरा चढ्या आवाजात सांगितलीत. अँटेनाची केबल, कोॲक्स, मी दाराशेजारच्या पिलरच्या प्लॅस्टिकमागून ओढायला लागले होते. जागा मोकळी दिसत होती, काम पाच मिनिटांचं होतं. तुम्ही माझा हातच धरलात. पिलर आणि टपाच्या कडेच्या त्या पट्टीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिच्यावरून केबल गेली तर नको त्या क्षणी ती अडकेल, किंवा केबल आणि पट्टीचा तुकडा अंगावर येईल. सेटचं तोंड, म्हणजे डिस्प्ले आणि बटणांचा पुढचा भाग, मी शेजारच्या सीटसमोरच्या झाकणावर चिकटवलं होतं, तेही एअरबॅगच्या बरोबर वाटेत. ते खाली, गिअरच्या पुढे आलं. तुमचा तो चढा आवाज माझ्यासाठी होता आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येकासाठी होता, त्याबद्दल वेगळे आभार.

अँटेनाचं काम माझं सर्वांत आवडतं. माझा मॅग्नेट माउंट डिकीच्या झाकणाच्या काठावर होता, कारण तिथून केबल आत घ्यायला सोपी. तुम्ही तो टपाच्या मध्यावर आणलात, आधी टप आणि मॅग्नेटचं बूड दोन्ही ओल्या फडक्यानं पुसून, कारण खाली वाळूचा एक कण राहिला तरी रंगावर चरे पडतात. पाव तरंगलांबीची काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी तिच्याखालचा पत्रा असतो, आणि तो चारी बाजूंना सारखा पसरलेला हवा. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटरहून थोडी जास्त, म्हणून काडी अर्ध्या मीटरच्या आसपास.

अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला नीट जुळते ते तुमच्या ॲनालायझरवर खळग्यासारखं दिसतं. तो खळगा दिसला १४१ मेगाहर्ट्झला. काडी लांब होती. मी पक्कड घेऊन एकदम सेंटिमीटरभर तोडणार होते. 'तीन मिलिमीटर,' तुम्ही म्हणालात. 'तोडलेलं परत जोडता येत नाही.' तीन, मोजणी. तीन, मोजणी. पुन्हा तीन, पुन्हा तीन, शेवटी दोन. पाच वेळा मिळून १४ मिलिमीटर. दर वेळी खळगा थोडा उजवीकडे सरकताना पाहिला आणि लांबी-फ्रिक्वेन्सीचं ते सूत्र, जे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पहिल्यांदा डोळ्यांसमोर हललं. १४५ ला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचं माप, १ म्हणजे अगदी बरोबर) २.२ होता तो १.२ झाला. मी आणखी खाली आणायला बघत होते. तुम्ही थांबवलंत: २ ला ११ टक्के पॉवर परत येते, १.२ ला एक टक्काही नाही, आता यात वेळ घालवू नकोस. काडीचे ते पाच तुकडे मी पाकिटात घालून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहेत. अजून आहेत.

पुढचं काम खरखरीचं. वायर बॅटरीवर गेल्यावर इंजिनाबरोबर चढणारी अल्टरनेटरची शीळ गेली होती, पण सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारा स्क्वेल्च अधूनमधून आपोआप उघडायचा. इंजिन बंद केलं, तरी तेच. मग एकेक वस्तू काढत गेलो आणि फोनचा चार्जर काढल्याबरोबर सगळं शांत. त्याच्या वायरीला खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यावर पाच वेढे दिले, आवाज कमी झाला पण गेला नाही, तेव्हा चार्जरच बदलला.

एवढं झाल्यावर मला वाटलं, काम संपलं. तुम्ही शेजारच्या सीटवर येऊन बसलात आणि म्हणालात, आता चालवायचं शिकू. गाडी उभीच होती. डोळे रस्त्यावर ठेवून माइक क्लिपमधून काढायचा आणि परत अडकवायचा, दहा वेळा. सातव्या वेळी क्लिप सापडली नाही तर क्लिपच चार बोटं अलीकडे आणलीत. सगळे रिपीटर, त्यांच्या ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला ६०० किलोहर्ट्झचा फरक आणि रिपीटर उघडणारा टोन आधीच मेमरीत भरून, चॅनेलचं बटण टकटक मोजून फिरवायचं. वळण, ओव्हरटेक, जोराचा पाऊस असताना माइक क्लिपमध्येच राहील. 'उत्तर दिलं नाहीस तरी चालतं. समोरचाही कधीतरी गाडी चालवतोच.' मध्येच एक लहान मुलगी गाडीजवळ येऊन टपावरची काडी बघायला लागली, तेव्हा काडीतून निघणाऱ्या लहरी तिच्या इतक्या जवळ नकोत म्हणून तुम्ही माझा अंगठा बटणावरून उचललात. ती लांब गेल्यावरच आपण पुढे बोललो.

चालत्या गाडीतली ती फडफड मला त्रास वाटायची, तुम्ही तिच्यातलं गणित सांगितलंत. इमारतींवरून, डोंगरांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि दर मीटरभर अंतरावर सिग्नलचा एकेक खड्डा पडतो. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सोळाएक खड्डे ओलांडले जातात, तीच फडफड. आणि म्हणून थांबल्यावर आवाज गेला तर घाबरायचं नाही, गाडी अर्धा मीटर पुढे घ्यायची. हे मी आजवर किती वेळा केलं असेल!

आणखी एक सांगितलं होतंत. समोरच्यानं बटण सोडल्यावर लगेच दाबू नकोस, मनात दोन मोज. कुणाला तातडीनं काही सांगायचं असेल तर त्याला शिरायला फट नको का? मी मोजायला लागले, पण खरं सांगते, तेव्हा ते मला शिष्टाचारापुरतंच वाटलं होतं.

चार महिन्यांनी, रात्री, डोंगरातल्या रस्त्यावर एक मोटरसायकल घसरलेली दिसली. चालवणाऱ्याचा पाय मोडला होता, शुद्ध होती, आणि आमच्या कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. रिपीटरवर दोघे जण निवांत बोलत होते. पहिल्यानं बटण सोडलं आणि दुसऱ्यानं दाबण्याआधी, त्या दोन मोजण्याच्या जागेत, मी 'ब्रेक, ब्रेक' म्हणून कॉलसाइन सांगितला. दोघेही तत्काळ गप्प झाले. एकानं जागा विचारली, पुन्हा विचारून खात्री केली, रुग्णवाहिकेला फोन लावला आणि ती येईपर्यंत चाळीस मिनिटं फ्रिक्वेन्सीवर बसून राहिला. दुसऱ्यानं मधे येणाऱ्या सगळ्यांना थांबवून धरलं. पूर्ण ५० वॉटवर मी कितीदा बोलले, मोजलं नाही. एकदाही आवाज तुटला नाही.

त्या रात्री तुम्ही रिपीटरवर नव्हतात, आणि नंतर भेट झाली तेव्हा विषय निघाला तरी मला नीट सांगता आलं नाही. गळा दाटून आला आणि मी अँटेनाबद्दल काहीतरी विचारून वेळ मारून नेली. म्हणून हे पत्र. त्या दोघांनी तुमच्याकडून ती सवय घेतली असेल किंवा दुसऱ्या कुणाकडून, मला माहीत नाही. माझ्या गाडीतली प्रत्येक जोडणी मात्र तुमच्यामुळे माझ्या हातची आहे. तुम्ही सगळं स्वतः तासाभरात करून दिलं असतंत. त्याऐवजी तुम्ही पूर्ण रविवार माझ्या शेजारी उभं राहून, मी चुकेपर्यंत थांबलात. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून नीट कळलेलं नाही, काका. मनापासून मानते, एवढंच लिहू शकते.

दर सहा महिन्यांनी सगळे बोल्ट तपासायला सांगितलं होतंत. आज सकाळी तपासले. बॉडीवरचं निगेटिव्हचं लग पाव फेरा सैल झालं होतं, काढून, घासून, परत आवळलं. मग तुम्ही दाखवलेल्याच जागी प्रोब लावले आणि पीटीटी दाबला: १३.६.

तुम्हाला ७३ (आपल्या हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
टपावरच्या काडीवाली