'चांगली' असं लिहून घेतलंत, त्याबद्दल

मॅडम,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण बैलहोंगलकडून बेळगावात आलेल्या, हातात रबरी चेंडू देऊन 'इन्नोंदु, आणखी एक' म्हणत राहणाऱ्या आणि मराठी बोलताना आम्हा सगळ्या बायकांना पुल्लिंगी करून टाकणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम अशा कितीशा असणार? ओळखाल तुम्ही.

माझ्या अंगावरून वारं गेलं त्याला आता वर्ष होईल. पहाटे उठायला गेले तर डावी बाजू उठेचना. नणंद म्हणाली पारव्याचं रक्त चोळा, थोरल्याने रिक्षा आणली, दुसऱ्या गेटला रेल्वे आडवी आली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत झालेल्याचं घड्याळ रात्री माणूस शेवटचं धड दिसलं तिथपासून धरतात. आमची वेळ टळून गेली होती. त्याबद्दल माझा कुणावर राग नाही.

राग आहे तो पुढच्या आठ दिवसांचा. त्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टर रोज राउंडला यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि मुलाला विचारायचे, "कशी आहे यांची तब्येत?" मी तिथेच पडलेली. जीभ जड होती, पण शब्द येत होते. एकदा मीच मध्ये म्हटलं, "चांगली आहे." डॉक्टर हसले आणि मुलाला म्हणाले, "उजव्या मेंदूला झालंय ना, असल्या पेशंटना आपलं काय गेलंय तेच कळत नाही." माझ्या अंगावरून, चांगल्या शुद्ध मराठीत. त्यानंतर मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही.

मग तुमच्याकडे आले. फॉर्म कानडीत. थोरल्याचं शाळेत कानडी झालंय, तो वाचून एकेका ओळीवर खूण करत गेला. एक प्रश्न होता, एकंदरीत तब्येत कशी आहे. खाली पाच उत्तरं: उत्तम, खूप चांगली, चांगली, ठीक, वाईट. त्याने न विचारता 'वाईट'वर खूण केली. त्याला तरी काय बोलू? आईला उचलून न्हाणीत नेणारा पोरगा दुसरं काय लिहिणार?

तुम्ही कागद वाचलात. खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला बसलात, कारण तेव्हा डावीकडचं माणूस मला दिसूनही दिसायचं नाही आणि ते तुम्ही कुणी सांगायच्या आधी ओळखलं होतंत. म्हणालात, "अव्वा, तुमचा तब्येत कसा हाय?"

आणि गप्प बसलात. खरं तर त्या गप्प बसण्यासाठी हे पत्र आहे. मला उत्तर जुळवायला वेळ लागत होता. थोरल्याने तोंड उघडलं, तसा तुम्ही त्याच्याकडे न बघताच पेन धरलेला हात जरासा वर केलात. तो थांबला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"चांगली," मी म्हटलं.

"मॅडम, तिला कळत नाही ओ," थोरला म्हणाला. तुम्ही त्याला मान डोलावलीत आणि मलाच विचारलंत, कुठला हात चालत नाही? डावा. घरी काम काय करता? लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे. आता जमतील? नाही जमणार, म्हटलं. पीठ एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायचं आणि फाटू न देता उलट्या कढईवर टाकायचं, त्याला दोन्ही हात लागतात. एका हाताने भाजायचे ते मनातलेच मांडे. तुम्हाला ते कळलं नाही, मी दोनदा सांगितलं, मग तुम्ही खूप हसलात.

"तरी चांगला?"

"तरी चांगली. जेवण जातंय. घशात अडकत नाही. नातू शाळेतून आला की पहिला माझ्याकडे येतो."

तुम्ही 'वाईट'वरची खूण खोडलीत, 'चांगली'वर केलीत आणि शेजारी आपली सही ठोकलीत, बँकेत चेकवर खाडाखोड झाली की करतात तशी. निळं पेन होतं. काय गेलंय हे ज्याला खरंच कळत नाही तो माणूस वेगळा आणि गेलेलं धडधडीत मोजून दाखवूनही चांगली म्हणणारी बाई वेगळी, हे बघायला तुम्हाला फार तर पाच मिनिटं लागली असतील. तिकडे आठ दिवसांत कुणाला सापडली नाहीत ती.

सुनेला वाचायचा नाद आहे. ती सांगत होती, हाच एक प्रश्न जगभर विचारतात. 1997 साली 27 अभ्यास एकत्र मांडून बघितले, तर पुढे माणूस किती जगेल याचा अंदाज इतर तपासण्या जमेला धरूनही या उत्तरावरून लागतो असं बहुतेकांत दिसलं. आणि पेशंटच्या वतीने घरच्यांनी उत्तर दिलं तर ते बरेचदा पेशंटच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा वाईट येतं. मी थोरल्याला म्हटलं, ऐकलंस?

पण मॅडम, मी तेवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहिलंच नसतं. सहाव्या महिन्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तो शंभर मार्कांचा कागद, जेवता येतं का, आंघोळ, कपडे, जिना. दहा प्रश्न. मला 95 पडले. थोरल्याने कुंदा आणून वॉर्डभर वाटला, नणंदेने फोनवरून गावभर कळवलं की वहिनी आता ठणठणीत. तुम्ही पुन्हा तशाच उजवीकडे येऊन बसलात आणि तोच प्रश्न विचारलात. मी म्हटलं, "वाईट."

कुंद्याचा डबा हातात घेऊन सगळे बघत राहिले. वाईटच होती. दोन भांडी घासली की कुणी रक्त काढून घेतल्यासारखी पडायचे, झोपून उठलं तरी तो शीण जायचा नाही. संध्याकाळ झाली की उगाच रडू यायचं. घरी म्हणायचे, एवढी चालतीस-फिरतीस, आता काय झालं? माझं मलाही वाटायचं की मी सोंग करते. तुम्ही सांगितलंत की असा शीण निम्म्याच्या आसपास लोकांना येतो, मनाची उदासी तिघांतल्या एकाला, आणि त्या शंभरांत दोन्हींना एक मार्क नाही. त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीत. गोळी सुरू झाली, दुपारची झोप ठरवून दिली, भांडी सुनेकडे गेली. पण त्याआधी तुम्ही परत एकदा, कुणाला काही न समजावता, 'वाईट'वर खूण केली होतीत.

आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत यावरून माणसं एकमेकांच्या डोक्यात दगड घालायला उठतात. फॉर्म मला मराठीत मिळावा असं मलाही वाटतं आणि ते मागणं मी सोडणार नाही. पण माझ्याच भाषेतल्या माणसाने माझ्या अंगावरून बोलून मला खोलीबाहेर काढलं आणि तुम्ही 'कसा हाय' म्हणत आत घेतलंत, हेही मी सांगत राहणार. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आमच्या वडगावात दोन्ही भाषांतली चांगली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, फक्त ती मोठ्याने बोलत नाहीत म्हणून मोजली जात नाहीत.

गुरुवारी येते. सोबत मांडे आणते. पीठ सुनेने झेललंय, मी उजव्या हाताने साखर-खसखस भरली आणि शेजारी बसून ओरडायचं काम केलं. दोन फाटले, एक करपला. घरी सगळे म्हणतात झकास झालेत. तुम्ही खाऊन बघा आणि कसे झालेत ते तुमचं तुम्ही सांगा.

तुमचा अव्वा,
वडगाव, बेळगाव