ब्लॅकपूल सोडले यात लोकांचे काय चुकले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधल्या उन्हाळी सुट्ट्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. इंग्रज माणूस स्पेन-तुर्कस्तानच्या नादी लागला, आपला समुद्रकिनारा विसरला आणि त्याबरोबर साधेपणालाही मुकला, असा त्याचा एकंदर सूर आहे. मी बरीच वर्षे वायव्य इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये, प्रेस्टनला राहते. समुद्रकाठच्या सुट्टीचे जुने प्रसिद्ध गाव ब्लॅकपूल इथून आगगाडीने अर्ध्या तासावर. त्यामुळे चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

लेखातले वर्णन झकास आहे. कापडी आरामखुर्च्या, वाळूत फिरणारी गाढवे, पंच आणि ज्यूडीचा बाहुल्यांचा खेळ, कुठेही तोडली तरी आत गावाचे नाव दिसणारी साखरेची कांडी, सगळे खरे. (ब्लॅकपूलच्या गाढवांना शुक्रवारची हक्काची सुट्टी असते, हे लेखकमहाशयांच्या नजरेतून सुटले.) पण लोक तिथे जात होते ते कशामुळे, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

लोक जात, कारण गिरणी बंद असायची. लँकशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत ‘वेक्स वीक’ नावाचा आठवडा असे. मूळ जत्रेचा, पण पुढे सगळ्या गिरण्या एकदम बंद ठेवून बॉयलर-यंत्रे साफ करायचा. अख्खे गाव कुलूप लावून ब्लॅकपूलला. हा आठवडा प्रत्येक गावाचा वेगळा. एका आठवड्यात बर्नली, दुसऱ्यात ओल्डहॅम, तिसऱ्यात आणखी कोणी, असे जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाले. म्हणजे राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या खाणावळवाल्या बाईच्या खोल्या सगळा मोसम भरलेल्या, आणि आगगाड्यांवरही एकदम सगळ्या जिल्ह्याचा भार नाही.

आणि हा आठवडा बहुतेकांसाठी बिनपगारी असे, हे विसरता कामा नये. त्यासाठी वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे. गिरणीत, मोहल्ल्यात त्यासाठी बचतमंडळे असत. भरपगारी सुट्टीचा कायदा झाला १९३८ साली, आणि त्यानेही सरसकट सक्ती केली नव्हती. किनाऱ्यावरचा मुक्काम म्हणजे काय, तर बिऱ्हाडाने आपला शिधा स्वतः विकत आणायचा आणि घरमालकिणीने तो शिजवून द्यायचा. खोलीचे भाडे वेगळे आणि टेबलावरच्या मीठ-मिरीच्या भांड्यांचे वेगळे! हे शेवटचे मला आधी थट्टेतले वाटले होते, पण जुन्या पावत्यांत ते खरोखर लिहिलेले असे.

माझ्या एक वयस्क शेजारीण तरुणपणी सूतगिरणीत होत्या. त्या सांगत, न्याहारी झाली की मालकीण दार लावून घेई. मग पाऊस पडो, वारा सुटो, संध्याकाळच्या जेवणापर्यंत परत यायचे नाही. पोरांना घेऊन समुद्रातल्या धक्क्यावरच्या आडोशाला बसून राहायचे. शेजारच्या खोलीत कोण? तर आपल्याच गल्लीतले, आपल्याच साच्यावरचे. मजा होती, असेही त्या म्हणत. पण पैसे जमताच त्या स्पेनच्या मायोर्का बेटावर गेल्या आणि पुढे ब्लॅकपूलला मुक्कामाला म्हणून कधी गेल्या नाहीत. त्यांना साधेपणाचे विस्मरण झाले, असे म्हणायची माझी छाती नाही.

आपल्या गिरणगावातला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला कोकणात जाई, तो स्वतःच्या घरी. हा फरक मोठा आहे. लँकशायरच्या कामगाराचे किनाऱ्यावर घर नव्हते, देव नव्हता, शेत नव्हते. त्याने पैसे मोजून आठवडा विकत घेतला होता. त्याच पैशांत दुसरीकडे ऊन मिळाले, तर त्याने तिकडे जाऊ नये असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

विमानाने नेणाऱ्या स्वस्त परदेशी सहलींची सुरुवातही अगदी साध्या लोकांसाठीच झाली. १९५० साली व्लादिमीर राईत्झ नावाच्या गृहस्थाने कॉर्सिका बेटावर काल्व्ही इथे विमानाने सहल नेली. राहणे तंबूत. विमानभाडे, मुक्काम, जेवण मिळून साडेबत्तीस पौंड. परवाना मिळाला तोही केवळ शिक्षक आणि विद्यार्थी नेण्याचा. पुढे १९६६मध्ये सरकारने परदेशी सुट्टीला नेण्याच्या पैशांवर माणशी ५० पौंडांची मर्यादा घातली, ती १९७० पर्यंत टिकली. तरी लोक गेलेच. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या बेनिडॉर्मला आजही जाऊन पाहावे. तेच लँकशायर, तेच यॉर्कशायर, तेच तळलेले मासे आणि बटाटे, तीच बिअर. भूमध्य समुद्राचे पाणी ऑगस्टात २५-२६ अंश असते, आमच्या आयरिश समुद्राचे १६-१७. वेक्स वीक बंद पडला असे मी म्हणणार नाही, तो विमानात बसला एवढेच.

‘अस्सल देशी’ किनाऱ्याबद्दलही एक गंमत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राइटनला समुद्रस्नानाची जी थोर परंपरा सांगितली जाते, तिच्यात पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तिथे वाफेची स्नानगृहे आणि चंपी सुरू केली, आणि खुद्द राजा चौथा जॉर्ज त्यांचा गिऱ्हाईक होता. त्याच राजाचा घुमट-मिनारांचा महाल तिथे उभा आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्यात जखमी हिंदी शिपायांचे इस्पितळ होते.

तेव्हा माणसे गेली याचे मला दुःख नाही. माणसे गेल्यावर त्या गावांचे काय झाले, ते मात्र लेखात यायला हवे होते. ब्लॅकपूलला आजही वर्षाला दोन कोटींच्या आसपास लोक येतात असे तिथली कौन्सिल सांगते. पण त्यांतले पुष्कळसे सकाळी येऊन रात्री परत जाणारे. १८९४चा मनोरा पाहिला, चिप्स खाल्ल्या, गाडी पकडली. आम्ही मराठी मंडळीही तशीच जातो, बहुधा दिवाळीच्या सुमारास, तिथली रोषणाई बघायला. मुक्कामी गिऱ्हाईक गेले आणि खाणावळींच्या खोल्यांचे एकेरी स्वस्त भाड्याचे गाळे झाले. ज्याला दुसरीकडे परवडत नाही असा आजारी, बेरोजगार माणूस तिथे येऊन राहतो. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१चा आपला वार्षिक अहवाल किनारी गावांच्या आरोग्यावरच लिहिला आणि त्यात हे दुखणे स्पष्ट मांडले. ब्लॅकपूलच्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान इंग्लंडमध्ये सर्वांत कमी, देशाच्या सरासरीपेक्षा पाचेक वर्षांनी कमी आहे. एसेक्समधले जेविक हे १९३०च्या दशकात लंडनकरांच्या सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्यांचे गाव. वंचिततेच्या सरकारी निर्देशांकात ते २०१०, २०१५ आणि २०१९ अशा तिन्ही वेळा देशातली सर्वांत वंचित वस्ती ठरले.

‘स्वस्तातली घरची सुट्टी’ हेही आता खरे राहिलेले नाही. ऑगस्टात इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला चौघांच्या कुटुंबाने आठवडाभर राहायचे म्हटले, तर स्पेनची विमान-हॉटेलसकट सहल अनेकदा त्याहून कमी पडते. अर्थात पासपोर्ट ब्रिटिश असेल तर! भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांना स्पेनसाठी वेगळा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) लागतो, आणि उन्हाळ्यात त्याचा अर्ज द्यायची तारीख मिळणे हेच एक दिव्य. नाशिक-पुण्याहून आलेल्या आई-वडिलांच्या ब्रिटिश व्हिसावरही स्पेनमध्ये पाऊल टाकता येत नाही. मग त्यांना घेऊन वेल्समधले लँडुडनो गाठायचे. माझ्या सासूबाईंना ते फार आवडले: सपाट लांबलचक फरसबंदी, दर थोड्या अंतरावर बाक, चहा. पाण्यात पाय घातला आणि लगेच काढला, पण त्याबद्दल तक्रार नाही.

आता उपायाचे. लोकांना ‘आपल्या किनाऱ्यावर जा’ असा उपदेश करून काही होणार नाही. जुनी सुट्टी टिकली होती ती व्यवस्थेमुळे, आणि त्या व्यवस्थेचा कणा होता गावोगावच्या वेगवेगळ्या तारखा. आज इंग्लंडमधल्या जवळजवळ सगळ्या शाळा जुलैच्या अखेरीस एकदम सुटतात आणि सहा आठवड्यांत सगळ्यांनाच जायचे असते. भाडी दुप्पट होतात, बेनिडॉर्मची आणि कॉर्नवॉलचीही. शाळा चालू असताना मुलांना नेले, तर दर पालकामागे आणि दर मुलामागे ८० पौंड दंड (२१ दिवसांत भरला तर; नंतर १६०). श्रीमंत माणूस हा दंड सहलीच्या खर्चात धरतो. भरडला जातो तो दुकानात, इस्पितळात तासावर काम करणारा.

वेगळ्या तारखा अशक्य आहेत असे नाही. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेरीस सुटतात. खुद्द इंग्लंडात लेस्टरशायरच्या शाळा अजूनही इतरांच्या आधी सुटतात, कारण तिथल्या मोजे-बनियनच्या कारखान्यांची सुट्टी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात असे. कारखाने गेले, तारीख राहिली, आणि तिथल्या पालकांना त्या आठवडा-दीड आठवड्यात तिकिटे स्वस्त मिळतात. लेस्टरच्या गुजराती-मराठी घरांत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या जिल्ह्यांनी आपापल्या तारखा अशा पुढे-मागे केल्या, तर किनाऱ्यावरच्या खोल्या सहाऐवजी दहा आठवडे भरतील आणि भाडे उतरेल. परीक्षांचे वेळापत्रक आड येते म्हणतात. पण मोठ्या परीक्षा जूनमध्येच संपतात.

आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी ब्लॅकपूलला यावे ते ऑगस्टातल्या शनिवारी नव्हे, फेब्रुवारीतल्या मंगळवारी, आणि मनोऱ्यामागच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी.

आपली,
एक वाचक, प्रेस्टन (लँकशायर)