पंप माझ्या हातात देणाऱ्या मेस्त्रींना

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बोळातल्या तुमच्या शेडमधून गाडी बाहेर काढताना मी नुसते "येते" म्हणाले, कारण गळा दाटून आला होता आणि तुमच्यासमोर दुसऱ्या गाडीचे चाक उघडून पडले होते. तेव्हा जे बोलता आले नाही ते आज लिहीत आहे, आणि चारचौघांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारा पार्ट, मी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतला, तेव्हापासून ब्रेकचे पेडल ओल्या स्पंजासारखे दबत होते. मी दोनदा परत गेले. पहिल्यांदा "नवीन पार्ट आहे, बसायला वेळ लागतो" असे उत्तर मिळाले. दुसऱ्यांदा मालकाने गाडीत पायही न ठेवता, चार गिऱ्हाइकांदेखत, "मॅडम, बायकांच्या पायाला जोर लागत नाही," असे सांगितले. मी गप्प बसले, आणि तीच गाडी घेऊन गगनबावड्यामार्गे आईकडे वैभववाडीला निघाले. करूळ घाटाच्या उतारावर एका वळणाच्या तोंडाशी पेडल थेट तळाला गेले. पुन्हा पुन्हा दाबल्यावर ब्रेकने कसेबसे धरले, आणि उरलेला घाट मी पहिल्या गिअरमध्ये उतरले. त्या दिवसापासून मला माझ्या पायाचीच शंका येऊ लागली होती. हे मी घरातही कोणाला सांगितले नव्हते.

तुम्ही आधी स्वतः सीटवर बसून पेडल दाबलेत. मग चारही चाकांचे काम कसे केलेत, त्याचा पाढा येथे वाचत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ब्रेकमधली हवा काढायच्या चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावून झाल्यावर तुम्ही तो व्हॅक्यूमचा हातपंप माझ्या हातात दिलात, नळीमागे बॅटरी धरलीत आणि म्हणालात, "ताई, तुम्हीच मारा, आणि बघा." मी दांडा दाबत गेले तसा काटा चढला, नळीतून चहासारखे काळपट ऑइल ओढले जाऊ लागले, आणि त्यातून बुडबुड्यांची माळच्या माळ निघाली. द्रव दाबून आकसत नाही, हवा आकसते. माझ्या पायाचा जोर इतके दिवस त्या हवेला दाबण्यातच खर्च होत होता. तुम्ही हे समजावून सांगितलेत, पण त्याआधीचे तुमचे वाक्य माझ्या मनात राहिले आहे: "तुमच्या पायाला कळलं ते बरोबर होतं."

त्यानंतरही बारीक बुडबुडे थांबेनात, तेव्हा "झाले" म्हणून मोकळे होणे सोपे होते. तुम्ही थांबलात, ही हवा लाईनमधली नसून निपलच्या आट्यांमधून शिरते आहे असे ओळखलेत, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा पंप मारायला सांगितलेत, आणि नळीत एकही बुडबुडा दिसेना तेव्हाच पुढच्या चाकाकडे वळलात. शेल्फवर अर्धी बाटली उघडी होती, तरी नवीन बाटलीचे सील माझ्यासमोर फोडलेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ताजे डॉट ४ दर्जाचे ऑइल जिथे किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, तिथे ओलावा धरलेले १५५ च्या आसपासच उकळू शकते. घाटात ब्रेक तापल्यावर हा फरक कोणाच्या तरी जिवाचा असतो. दुकानात मी एकटी होते आणि मला यातले काहीच कळत नव्हते, म्हणजे फसवायला कोणी अडवणारे नव्हते. अशा वेळी जो माणूस गिऱ्हाइकाच्या हातात पंप देऊन स्वतःचे काम तपासायला लावतो, त्याच्या कामावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. लेथच्या आणि फौंड्रीच्या आवाजात अशी माणसे आजही हात काळे करत बसली आहेत, याचा मला या गावाची लेक म्हणून अभिमान वाटतो.

गेल्या रविवारी मी पुन्हा करूळ घाट उतरले. पेडल वरच्या वर, दगडासारखे घट्ट धरत होते. परतताना आईने तुमच्यासाठी घरच्या कोकमाच्या आगळाची बाटली दिली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आणून देते.

आपली कृतज्ञ,
राजारामपुरीतील एक शिक्षिका